चार लग्नांचे डाग

सर्जेरावांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम एक चाकू असतो, हे पडेगावातल्या त्यांच्या इमारतीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचं भय नव्हतं. भय वाटावं असं सर्जेरावांत काही नव्हतंच. चोपन्न वर्षांचं वय, सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिकाची खुर्ची, नाकावर घसरलेला चष्मा आणि रिकामा रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडं दोनदा बघायची सवय. असा माणूस चाकू बाळगतो म्हटल्यावर लोक एवढंच विचारायचे, "साहेब, आहे का जवळ? टरबूज कापायचंय."

असायचाच. सर्जेराव तो काढत, अंगठ्याच्या नखानं पातं उघडत, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसत आणि समोर खाली ठेवत. हातात देत नसत. चाकू हातातून हातात दिला की भांडण होतं, म्हणून देणाऱ्यानं खाली ठेवायचा आणि घेणाऱ्यानं आपल्या हातानं उचलायचा, हा रिवाज ते कचेरीतल्या वाढदिवसालाही पाळत. केक कापणाऱ्याला हे कुणी समजावून सांगेपर्यंत मेणबत्ती केकवर गळून जायची.

लासूर स्टेशनच्या आठवडी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगापुढं उकिडवं बसायचं, त्यातून गंजलेले घडीचे चाकू हुडकायचे, घरी आणून मोकळे करायचे, गंज उतरवायचा, ढिली मूठ नव्या खिळ्यानं आवळायची, आतल्या कमानीला तेल पाजायचं. सर्जेरावांचे सगळे रविवार यात जात. "लोकांचे नवरे रविवारी झोपतात," सुरेखाबाई म्हणत, "आमचे खरवडतात." कुणी याला छंद म्हटलं की सर्जेरावांना बरं वाटायचं आणि खूळ म्हटलं की दोन दिवस जेवण जायचं नाही. असे अकरा चाकू त्यांनी मरणाच्या दारातून परत आणले होते.

बारावा मात्र या अकरांत धरायचा नाही. तो बापूचा, म्हणजे त्यांच्या वडलांचा.

देवगाव रंगारीच्या त्यांच्या घरी नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात हा चाकू यायचा. पात्यात लिंबू टोचायचं आणि अक्षता पडेपर्यंत नवरदेवानं चाकू सोडायचा नाही, झोपेतसुद्धा नाही. दीड-दोन दिवस लिंबाचा रस मुरला की पोलादी पात्यावर काळा डाग पडायचा, आणि तो कुणी काढायचा नाही. आजोबांचा डाग टोकाशी, नखाएवढा. बापूचा त्याच्यामागं, जरा लांबट. थोरले बंधू तात्यासाहेब यांचा मधोमध, थोरल्याला शोभेल असा ऐसपैस. आणि सर्जेरावांचा पार मुठीजवळ, कारण त्यांचा हात इतका थरथरत होता की लिंबू पडू नये म्हणून कुणीतरी ते मुठीपर्यंत रेटलं होतं. चार लग्नांचे चार डाग. बाकी त्या घराण्याचा इतिहास म्हणाल तर कुठं लिहून ठेवलेला नाही.

बापू गेले त्याला सात वर्षं झाली. तेराव्यानंतर दोघा भावांनी वावर, विहीर, गोठा, भांडीकुंडी सगळं शब्दानं शब्द न वाढवता वाटून घेतलं. चाकूचं नाव कुणी काढलं नाही. निघताना सर्जेरावांनी कोनाड्यातून तो उचलला, हुंगला, त्याला बापूच्या तंबाखूचा वास आला, आणि पाहुण्यांसमोर रडू फुटू नये म्हणून त्यांनी तो खिशात घातला. संध्याकाळी गावाकडून फोन आला. "इचारायचं तर होतंस," तात्यासाहेब म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून दोघे भाऊ फक्त कुणाच्या मयतीला भेटत आणि बोलले तर मयताबद्दल बोलत.

आणि एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी तात्यासाहेबांचा फोन आला.

"आपल्या पोराची, विश्वजीतची हळद हाय. ह्या मंगळवारी नाय, त्याच्या फुडच्या. बापूचा चाकू घिऊन ये." मग जरा खाकरून, "तू बी ये."

सर्जेराव मोबाइल कानाला तसाच धरून खुर्चीत बसले. "तू बी ये" हे तीन शब्द त्यांनी सुरेखाबाईंना चारदा ऐकवले. सुरेखाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. ती साखर विरघळायच्या आत सर्जेरावांचा चेहरा उतरला.

कारण मागच्या खंडेनवमीला एक गोष्ट घडून गेली होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं धुऊनपुसून पुजायची असतात. सहा खंडेनवम्या सर्जेरावांनी बापूच्या चाकूला नुसतं कुंकू लावलं होतं. पण अकरा चाकू आरशासारखे केल्यावर माणसाच्या हातात कसब येतं आणि कसबाच्या मागोमाग मस्ती येते. "घडी जरा अडकतेय, तेवढीच मोकळी करू," म्हणून ते बसले. उठले तेव्हा पात्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, चष्म्यासकट. आणि चार लग्नं पॉलिश पेपरवर उतरली होती.

"थोरल्या दादांना खरं सांगून टाका," सुरेखाबाई म्हणाल्या.

"काय सांगू? आजोबांचं लग्न घासून टाकलं म्हणून?"

सर्जेरावांनी ठरवलं, गेलेले डाग परत पाडायचे. हाताशी नऊ दिवस होते.

कोणत्याही कामाची सुरुवात जुनं रेकॉर्ड काढून करावी, हे कचेरीचं शिक्षण. माळ्यावरून लग्नाचा अल्बम काढला. चाकू सतरा फोटोंत सापडला. सतराच्या सतरा फोटोंत, जिथं डाग असायला हवेत, बरोबर तिथं लिंबू होतं. सुरेखाबाई मात्र अल्बम घेऊन तासभर बसल्या आणि दुपारचा स्वयंपाक राहून गेला.

शेजारच्या आकाशला कुठून वास लागतो कोण जाणे. तो वाळूजच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. "काका, एवढंच ना? आमच्याकडं अॅसिड आहे. दहा मिनिटांत चार डाग देतो. चारी एकाच मापाचे. सर्टिफिकेटसकट."

"आजोबा आणि बापू एकाच मापाचे नव्हते रे," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

शेवटी ते सूर्यभानकडं गेले. सूर्यभान धनगर उन्हाळ्यात दौलताबाद रस्त्याच्या कडेच्या माळावर मेंढरं बसवतो. मेंढरांची खुरं साफ करायला चाळीस वर्षं एकच चाकू वापरतो आणि सर्जेराव मनातल्या मनात त्याला गुरू मानतात. सूर्यभाननं बापूचा चाकू उघडला, उन्हात धरला आणि डोळ्यांवर हात घेतला.

"काय करून बसलात हे, सायेब? काळं पातं म्हंजी पिकल्यालं पातं. तुमी पोर करून ठिवलंत त्याला."

"माझं चुकलं. पण आता डाग कसे पाडायचे?"

"गावरान लिंबू घ्या. एकेका डागाला दोन दीस. अन् निस्तं टोचून फळीवर ठिवू नगा, अंगासंगं वागवा. डाग निस्त्या लिंबानं पडत नाय, हाताच्या घामानं पडतो. नवरदेवाला का कमी घाम सुटतो व्हय?"

"मला या वयात कुठून सुटायचा घाम?"

"सुटंल की. थोरल्या भावाफुडं जायचंय न्हवं?" सूर्यभान म्हणाला.

चार डाग गुणिले दोन दिवस, आठ दिवस. सर्जेरावांनी तक्ता आखला. सोमवारपासून ते कचेरीत डाव्या हातानं काम करू लागले. उजवा हात मांडीवरच्या कापडी पिशवीत, पिशवीत बापूचा चाकू, चाकूच्या टोकाला लिंबू. आवक-जावक रजिस्टरात त्या आठवड्याचं अक्षर आजही बघण्यासारखं आहे. साहेबांनी विचारलं, "सर्जेराव, हाताला काय झालं?" सर्जेराव म्हणाले, "घाम." साहेबांनी टेबलावरचा पंखा त्यांच्याकडं वळवला.

बुधवारी सकाळी त्यांनी लिंबू काढलं. टोकाशी नखाएवढा काळसर डाग पडला होता. सर्जेरावांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि आजोबा परत आल्यासारखा त्यांना हुंदका आला. मग डोळे पुसून त्यांनी बापूसाठी दुसरं लिंबू टोचलं, जरा वरच्या अंगाला.

इथवर सगळं रीतसर चाललं होतं. पण सर्जेराव पडले शिस्तीचे. किती तासांना किती काळं होतं, सावलीत किती, हळद लावून किती, हे आधी स्वतःच्या अकरा चाकूंवर करून बघावं म्हणून त्यांनी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला अकरा चाकू ओळीनं मांडले होते. प्रत्येकात एक लिंबू. सुरेखाबाई लिंबाच्या पाटीकडं बघून दीर्घ श्वास घेत आणि पाहुण्यांना पन्ह्यावर भागवत. नमुने एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक मुठीला फायलींची लाल नाडी आणि नाडीला, कुणाच्या डागाचा नमुना ते लिहिलेली चिठ्ठी.

शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरच्या आशाबाई कुरडयांचं पातेलं घेऊन गच्चीवर गेल्या.

अकरा उघडे चाकू, अकरा लिंबं, त्यांवर हळदीची बोटं, लाल नाड्या. आशाबाई धीराच्या. त्यांनी पळ काढला नाही, चिठ्ठ्या वाचल्या. पहिलीवर लिहिलं होतं, "आजोबा – पूर्ण." दुसरीवर, "बापू – चालू." तिसरीवर, "तात्यासाहेब – अठ्ठेचाळीस तास." चौथीवर, "मी – सर्वांत शेवटी." सर्जेरावांचं थोरल्या भावाशी सात वर्षं बोलणं नाही, हे इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं? आशाबाईंनी विचार केला. आजोबा गेलेले. बापू गेलेले. त्यांनी पातेलं तिथंच टाकलं.

अर्ध्या तासात इमारतीत एकही माणूस घरात नव्हता, सगळे जिन्यात होते. आशाबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, "त्या देवगावच्या माणसाला कुणीतरी फोन लावा रे! जित्ता हाय का बघा आधी!" कुणीतरी फोन लावला, पण तो पोलिसांना लावला.

सर्जेराव कचेरीतून आले ते पिशवीत हात घालूनच. जिन्याच्या तोंडाशी हवालदार उभे होते.

"हात बाहेर काढा."

सर्जेरावांनी हात बाहेर काढला. हातात उघडा चाकू, चाकूला लिंबू. आशाबाईंनी किंकाळी फोडली. शहरात त्या आठवड्यात शस्त्रबंदीचा हुकूम लागू होता आणि वरून जादूटोण्याची तक्रार. सर्जेरावांना चौकीवर नेलं, तेही जिन्यात उभ्या सगळ्या शेजाऱ्यांच्या मधून. तीस वर्षांत त्यांना कुणी "अहो, जरा बाजूला व्हा" असंही म्हटलं नव्हतं. त्यांची मान खाली गेली ती चौकी येईपर्यंत वर आली नाही.

वर आली ती पंचनाम्यामुळं. हवालदार लिहीत होते आणि तोंडानं म्हणत होते, "अंदाजे दहा-बारा चाकू व काही लिंबं मिळून आली..."

"अंदाजे?" सर्जेराव उठून उभे राहिले. "शासकीय कागदावर अंदाजे?"

"मग काय लिव्हू?"

"'काही लिंबं' म्हणजे किती? कोणती? कुठल्या स्थितीत? उद्या वरच्या साहेबांनी शेरा मारला म्हणजे काय उत्तर देणार?"

हवालदारांचा दिवस सकाळपासून खराब गेला होता. त्यांनी पेनच पुढं केलं. "लो भाई, तुमीच लिव्हा."

आणि सर्जेरावांनी स्वतःच्या जप्तीचा पंचनामा स्वतःच्या हातानं लिहिला. अनुक्रमांक, वर्णन, माप, शेरा, सगळं ओळीत. अपमान विसरून ते त्यात रमले. शेवटी लिहिलं, "अ. क्र. बारा: घडीचा चाकू, नग एक, शिसवी मूठ, पातं चार बोटं, त्यात टोचलेल्या गावरान लिंबासह, आहे त्या स्थितीत." हवालदारांनी बारा कापडी पिशव्या मागवल्या, चाकू लिंबांसकट आत घातले आणि लाखेचं सील मारलं. तेव्हा कुठं सर्जेराव भानावर आले.

"अहो, त्या बाराव्यातलं लिंबू तेवढं काढून घेऊ का? आजच काढायचं आहे, नाहीतर—"

"कसं काढता? 'लिंबासह' तुमीच लिव्हलंय. अन् इतका पक्का पंचनामा ह्या चौकीत पहिल्यांदा झालाय, आता त्यात बदल नाय."

सर्जेरावांनी वाचून पाहिला. खरोखरच त्यातून सुटायला कुठं फट नव्हती.

शनिवार, रविवार चौकीचे साहेब बंदोबस्ताला होते. सर्जेराव घरात बसून होते आणि लाखेच्या आत लिंबू आपलं काम करत होतं. तेवढ्यात सुरेखाबाई तिसऱ्या मजल्यावर जाऊन आल्या. त्यांनी आशाबाईंना लग्नाचा अल्बम दाखवला, सतराच्या सतरा फोटो. आशाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया, नवरदेवाचं लिंबू व्हय हे! आमच्यात अडकित्त्याला टोचतात. मग सांगायचं नाय का आधी? मी कामून बोंब मारली असती?" सोमवारी त्या स्वतः चौकीवर गेल्या, तक्रार मागं घेतली आणि हवालदारांना वर दोन शब्द सुनावून आल्या, की बाई माणूस काही बोललं की लगेच धावत यायचं असतं का.

साहेब समजूतदार होते. त्यांनी पट्टीनं पाती मोजली आणि म्हणाले, "गुन्हा काही नाही यात. पण शस्त्रबंदी उठेपर्यंत चाकू इथंच राहतील. लग्नाचा एक तेवढा सुपूर्दनाम्यावर देतो. मात्र घरच्या वडीलधाऱ्या माणसाचं पत्र आणा, की हा तुमच्या घराण्याचा आहे, आणि ओळखायची खूण अमुक."

घरची वडीलधारी व्यक्ती एकच उरली होती. सर्जेरावांची छाती झाली नाही. सुरेखाबाईंनी देवगावला जाऊबाईंना फोन लावला, चाकू चौकीत कसा गेला तेवढं सांगितलं, डागांचं सांगितलं नाही. मंगळवारी, म्हणजे हळदीच्याच दिवशी, सकाळी सातला सुरेखाबाईंच्या मोबाइलवर पत्राचा फोटो आला. तात्यासाहेबांचं मोठं, तिरपं अक्षर. "सदर चाकू आमच्या घराण्याचा आहे. माझ्या धाकट्या भावाकडे मी विश्वासाने ठेवला आहे. ओळख: पात्यावर चार डाग. एक आमच्या आजोबाचा, एक वडलांचा, एक माझा, एक त्याचा. जपून द्यावा."

"मी विश्वासाने ठेवला आहे." सर्जेरावांनी ती ओळ वाचली आणि पुढचा चहा तसाच ठेवून ते चपला घालू लागले.

चौकीत साहेबांनी सील फोडलं. लिंबू काळं पडून बुरशीनं वेढलं होतं, वास सुटला होता. आणि चाकूचं पातं टोकापासून मुठीपर्यंत एकच एक काळं, खडबडीत. आजोबांचा नखाएवढा डागही त्यात बुडाला होता.

साहेबांनी पत्र पाहिलं, पातं पाहिलं. "चार डाग कुठायत?"

सर्जेरावांना सांगता आलं असतं, की लिंबानं सगळं एक झालं. कुणाला कळलं नसतं, तात्यासाहेबांनाही नाही. दोष सगळा लाखेच्या पिशवीवर गेला असता. ते शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेही. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "एक कोरा कागद मिळेल का?"

ते पाऊण तास लिहीत होते. साहेबांनी तो अर्ज उभ्यानं वाचला, मग खुर्चीत बसून वाचला. सही केली आणि चाकू टेबलावर ठेवून सर्जेरावांकडं सरकवला. सर्जेरावांनी बाहेर येऊन अर्जाची झेरॉक्स काढली, खिशात ठेवली आणि सुरेखाबाईंना मागं बसवून स्कूटर देवगावच्या रस्त्याला लावली.

मांडवात अकरा वाजता पोचले. विश्वजीत हळदीनं पिवळाजर्द होऊन पाटावर बसला होता, बायका गात होत्या आणि वाजंत्री ताशा शेकत होते. तात्यासाहेब बाजेवर बसले होते. मयतीच्या गर्दीत सर्जेरावांनी त्यांना कधी नीट पाहिलं नव्हतं; सात वर्षांत माणूस केवढा खंगला होता.

"आलास," तात्यासाहेब म्हणाले.

"आलो दादा."

सर्जेरावांनी वाकून पाया पडून घेतलं आणि चाकू फडक्यावर, बाजेपुढं खाली ठेवला. रिवाजाप्रमाणं आता तात्यासाहेबांनी तो उचलायचा. त्यांनी हात पुढं केला आणि तो हात तसाच थांबला.

"हे काय? कुणाचा डाग हा येवढा?"

"सरकारचा," सर्जेराव म्हणाले, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. तीस वर्षांत त्यांनी महत्त्वाचं असं काही तोंडी सांगितलं नव्हतं, जे काही ते लेखी. त्यांनी खिशातून झेरॉक्स काढली आणि चाकूशेजारी ठेवली.

तात्यासाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी कागद पोराकडं दिला. "वाच."

विश्वजीतनं हळदीच्या हातांनी कागद धरला आणि शाळेतल्यासारखा मोठ्यानं वाचला. बायकांचं गाणं थांबलं.

"विषय: चाकूवरील डागांबाबत खुलासा. महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर चार डाग मागील खंडेनवमीस अर्जदाराने स्वहस्ते घासून काढले. यात अन्य कोणाचाही दोष नाही. थोरले बंधू यांना याची कल्पना नाही. गेल्या आठवड्यात अर्जदाराने खोटे डाग पाडण्याचा प्रयत्न केला, तो फसला. सात वर्षांपूर्वी सदर चाकू थोरल्या बंधूंना न विचारता नेला, हीही चूक अर्जदाराचीच. नेताना चाकूला वडलांच्या तंबाखूचा वास येत होता. आता येत नाही. आज पुतण्याची हळद आहे. तरी चाकू मिळावा, ही विनंती."

तात्यासाहेब जमिनीकडं बघत बसले. सर्जेरावांना वाटलं, आता उठतील आणि आत निघून जातील, आणि मग उरलेलं आयुष्य मयतीला भेटायचं.

"खंडेनवमीलाच व्हय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"व्हय दादा."

"कशानं घासलास? विटकरीनं?"

"नाही. पॉलिश पेपरनं."

"मी विटकरीनं घासला व्हता."

सर्जेरावांनी मान वर केली.

"धा वर्साचा आसन मी," तात्यासाहेब म्हणाले. "तू पाळण्यात. खंडेनवमी हाय म्हणून विटकरीच्या भुकटीनं आसा लखलखीत केला अन् बापूला दावायला नेला. बापूनं दोन थोबाडात ठिवून दिल्या. दिसभर जेवला नाय. मग सांजच्याला लिंबं घिऊन गोठ्यात बसला, मला हाक मारली, म्हणला, धर. आज्याचा डाग नव्यानं पाडला, सोताचा बी पाडला. म्हणला, तात्या, कुणाला सांगू नगं." त्यांनी चाकूकडं पाहिलं. "आजवर नाय सांगितलं कुणाला. खरे डाग दोनच व्हते, सर्ज्या. एक माझा अन् एक तुझा."

"आणि तेच मी..." सर्जेरावांनी चष्मा काढला.

"घासलास तर घासलास. आपुन दोघं जित्ते हावोत की."

असं म्हणून त्यांनी चाकू उचलला. बाजूच्या ताटातलं लिंबू घेतलं, पात्यात टोचलं, आणि फडकं पाटासमोर अंथरून चाकू पोरापुढं खाली ठेवला. विश्वजीतनं तो उचलला. बायकांनी गाणं सुटलं होतं तिथून धरलं. सर्जेराव मांडवाच्या खांबाला धरून उभे होते आणि घाम पुसत होते. सूर्यभान म्हणाला होता तसा तो खरंच सुटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षता पडल्या. पंगती उठल्या. विश्वजीतनं सोडल्यापासून चाकू तात्यासाहेबांच्या बंडीच्या खिशात होता. सर्जेरावांनी स्कूटरला किक मारली, तेव्हा तात्यासाहेब काठी टेकत रस्त्यापर्यंत आले. त्यांनी चाकू काढला, बंडीला पुसला आणि हातानंच पुढं केला.

"खाली ठेवा ना, दादा," सर्जेराव म्हणाले. "हातात देऊ नये. भांडण होतं."

"झालं की सात वर्षं. आजून कितीक व्हायचंय? धर."

सर्जेरावांनी स्कूटर बंद केली आणि दोन्ही हातांनी चाकू घेतला. पातं काळंच होतं, त्यात विश्वजीतचा डाग कुठला ते ओळखू येत नव्हतं. लिंबाचा, हळदीचा आणि तात्यासाहेबांच्या तंबाखूचा वास येत होता. त्यांनी तो खिशाकडं नेला, पण खिशात घातला नाही.

"दादा, नेऊ का?"

तात्यासाहेबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"ने," ते म्हणाले. "पण घासू नगं."